वडिलांचा खंड आणि सदतीस नाटके

प्रश्न : मी ६२ वर्षांची, बँकेतून निवृत्त झालेली, इंदूरला रामबागेत राहणारी वाचक आहे. माझ्या वडिलांनी कॉलेजात असताना घेतलेला शेक्सपिअरच्या समग्र नाटकांचा जाडजूड खंड आमच्या घरी आहे. या गुढीपाडव्याला मी संकल्प सोडला की पुढच्या पाडव्यापर्यंत तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा. 'टेम्पेस्ट'पासून सुरुवात करून सहा नाटके झाली. सातव्या 'लव्हज लेबर्स लॉस्ट'पाशी मात्र मी दीड महिना अडकले आहे आणि आता श्रावण आला. आमचे यजमान म्हणतात की एवढ्या वेळात रामरक्षा म्हटली असतीस तर निदान पुण्य तरी लागले असते. जाऊबाई म्हणतात, मराठी भाषांतरे वाचून मोकळी हो. पण ती मला लबाडी वाटते. गाजलेली दहा-बारा नाटके तेवढी वाचून थांबू का? या वयात सगळी वाचण्यात खरोखर काही अर्थ आहे का?

उत्तर : आपल्या पत्रातल्या 'संकल्प सोडला' या शब्दांपाशी मी थोडा थांबलो. हातावर पाणी घेऊन सोडतात तोही संकल्पच आणि कंटाळून सोडून देतात तोही संकल्पच. मराठीने दोन्हींसाठी एकच क्रियापद ठेवले आहे आणि आपण सध्या त्या दोन अर्थांच्या मधल्या उंबऱ्यावर उभ्या आहात. माझे म्हणणे आधीच सांगतो. वाचन सोडू नका. पुस्तकाचा क्रम मात्र आजच सोडा.

आपला खंड 'टेम्पेस्ट'पासून सुरू होतो, त्या अर्थी तो १६२३ सालच्या पहिल्या संग्रहाचा क्रम पाळणारा असणार. शेक्सपिअर १६१६ मध्ये वारला. त्यानंतर सात वर्षांनी त्याच्याच मंडळीतल्या जॉन हेमिंग्ज आणि हेन्री कॉन्डेल या दोन नटांनी त्याची ३६ नाटके एकत्र करून छापून घेतली. त्यांतली १८ तोवर छापलीच गेली नव्हती, आणि त्या अठरांत 'मॅकबेथ', 'ज्युलिअस सीझर', 'ट्वेल्फ्थ नाइट' आणि स्वतः 'टेम्पेस्ट' यांचा समावेश होता, हे लक्षात घेतले म्हणजे या दोघांचे ऋण केवढे आहे ते कळते. पण त्यांनी नाटके लावली ती सुखान्त, मग राजांची, मग शोकान्त अशा तीन गठ्ठ्यांत. कोणते आधी लिहिले आणि कोणते नंतर, याचा विचार त्यात नाही. 'टेम्पेस्ट' हे त्याच्या अगदी अखेरच्या नाटकांपैकी आहे. म्हणजे आपण भैरवी ऐकून मैफलीला बसलात. 'मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर'मधला लठ्ठ फॉल्स्टाफ आपल्याला पहिल्यांदा भेटला तो मळक्या कपड्यांच्या टोपलीत कोंबून नदीत फेकला जाताना. ज्या 'हेन्री चौथा'मध्ये तो राजपुत्राच्या मांडीला मांडी लावून बसतो आणि तुमच्याआमच्या मनात घर करतो, ते आपल्या खंडात कितीतरी पुढे आहे. ओळख होण्याआधीच फजिती पाहिल्यावर हसू तरी कसे येणार?

आणि आपण अडकलात ते नाटकही मासलेवाईक आहे. 'लव्हज लेबर्स लॉस्ट'मध्ये नवारचा राजा आणि त्याचे तीन मित्र शपथ घेतात की तीन वर्षे केवळ अभ्यास करायचा, स्त्रीचे तोंड पाहायचे नाही, आठवड्यातून एक दिवस कडकडीत उपास करायचा आणि रात्री तीनच तास झोपायचे. त्यांतला बेरोन शपथेवर सही करतानाच कुरकुरतो, आणि फ्रान्सची राजकन्या सख्यांसह दाराशी येताच चौघांचाही अभ्यास कोलमडतो. वाचनाचा संकल्प ज्या नाटकात मोडतो, त्याच नाटकात आपला संकल्प अडावा, यात आपला काहीही दोष नाही. त्यातले विनोद त्या काळच्या पंतोजींच्या लॅटिनवर आणि तेव्हाच्या शब्दांच्या कोट्यांवर उभे आहेत. टिपा नसलेल्या जुन्या खंडात ते वाचणे म्हणजे अनोळखी कुटुंबाच्या घरगुती चेष्टामस्करीत बसण्यासारखे आहे. तरुणपणी मी स्वतः असाच एक खंड रोज दहा पाने या हिशेबाने औषधासारखा घेत होतो. 'हेन्री सहावा'च्या दुसऱ्या भागात गाडी रुतली ती रुतलीच, आणि पुढची बरीच वर्षे त्या खंडाने आमच्या गच्चीवर पापडांच्या प्लास्टिकवर वजन म्हणून सेवा केली.

वेळेची काळजी करू नका. त्या ३६ नाटकांत पुढे 'पेरिक्लीज' धरले गेले, म्हणून रूढ मोजणीने नाटके ३७ होतात. एक नाटक मोठ्याने वाचायला सरासरी तीन तास धरले तर सगळी मिळून १११ तास, म्हणजे दिवसाला वीस मिनिटेसुद्धा नाहीत. वेळ पुरतो, पुरत नाही तो धीर, आणि तो जातो सगळ्या नाटकांना सारखे आठवडे वाटून दिल्यामुळे. 'हॅम्लेट' सुमारे चार हजार ओळींचे आहे, 'कॉमेडी ऑफ एरर्स' दोन हजारांच्याही आत आहे. दोघांना एकच माप लावणे अन्यायाचे आहे. आपण इंदूरच्या, त्यामुळे दाखल्यासाठी दूर जायला नको. उस्ताद अमीर खां साहेब झूमरा तालात ख्याल मांडत तेव्हा एकेका स्वरावर किती रेंगाळत, आणि त्याच मैफलीत तराणा किती निराळ्या चालीने जाई, ते आपण निदान ध्वनिमुद्रणांतून ऐकले असेल. 'किंग लिअर'ला महिना द्या. 'टायमन ऑफ अथेन्स' आणि 'हेन्री आठवा' प्रत्येकी दोन बैठकांत उरका आणि त्याबद्दल मनाला लावून घेऊ नका. राहिला पाडवा. आपल्या पंचांगात अधिक महिन्याची सोय आहेच. संकल्पालाही थोडी असू द्या आणि वर्ष या श्रावणापासून पुढच्या श्रावणापर्यंत मोजा.

आता आपल्या खऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण दहा-बारा गाजलेली वाचून थांबण्याचा सल्ला आपल्याला पुष्कळ जण देतील आणि तो वाईटही नाही. मात्र सगळी नाटके वाचण्यात एक सुख असे आहे की जे निवडक वाचणाऱ्याला मिळत नाही, आणि ते मी एका अंगठीच्या आधारे सांगतो. 'टू जंटलमेन ऑफ व्हेरोना' आपण वाचले आहे. त्यात ज्युलिया आपल्या प्रियकराला अंगठी देते. तो परगावी जाऊन दुसरीच्या नादी लागतो. ज्युलिया मुलाचा वेष घेऊन त्याच्या मागे जाते आणि त्याचीच नोकर होते. आणि तो तिच्याच हाती, तिनेच दिलेली अंगठी त्या दुसरीकडे पाठवतो. कल्पना बोचरी आहे, पण नाटककार अजून नवशिका आहे. ज्युलियाला पुरते रडूही देत नाही आणि शेवटी सगळे इतक्या घाईने गोड करून टाकतो की आपणच ओशाळतो. काही वर्षांनी 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये अंगठी परत येते. पोर्शिया ती नवऱ्याला देते, वकिलाच्या वेषात स्वतःच त्याच्याकडून मेहनताना म्हणून मागून घेते आणि घरी आल्यावर 'अंगठी कुठे आहे' म्हणून त्याला घाम फोडते. इथे हात बसलेला दिसतो. पण त्याच नाटकात दुसरीही एक अंगठी आहे, जिच्याकडे परीक्षेपुरते वाचणाऱ्याचे लक्ष जात नाही. शायलॉकची मुलगी घरातून पळून जाते आणि बापाची अंगठी देऊन एक माकड विकत घेते. ही बातमी कळते तेव्हा तो सावकार म्हणतो की ती मला लेआने दिली होती, माझे लग्न व्हायच्या आधी. माकडांचे आख्खे रान दिले असते तरी मी ती दिली नसती. लेआ नाटकात कुठेच येत नाही. तिच्याविषयी एवढेच वाक्य आहे. पण त्या एका वाक्यापुरता तो माणूस कुणाचा तरी नवरा होता, हे ध्यानात येते आणि पुढच्या न्यायालयाच्या प्रवेशात आपल्याला पूर्वीइतके निर्धास्तपणे टाळ्या वाजवता येत नाहीत.

मग 'ट्वेल्फ्थ नाइट'. पुन्हा मुलाच्या वेषातली मुलगी, व्हायोला, पुन्हा मालकाचा निरोप दुसरीकडे नेण्याची पाळी, पुन्हा अंगठी. पण आता ती उलट दिशेने येते. निरोप जिच्याकडे न्यायचा ती ऑलिव्हियाच या पोरसवदा दूताच्या प्रेमात पडते आणि 'तुझी अंगठी इथेच राहिली' असा बहाणा करून आपल्या कारभाऱ्याला मागे धाडते. तो तोऱ्यात अंगठी जमिनीवर टाकून निघून जातो. व्हायोला एकटी उरते. आपण तर कुठलीच अंगठी ठेवली नव्हती, मग ही बाई म्हणते तरी काय, असा विचार करता करता तिच्या ध्यानात सगळा घोटाळा येतो, आणि तो सोडवणे आपल्या हातात नाही, ते काळावर सोपवावे, असे ती म्हणते. ज्युलियाच्या वेळी जे साधले नव्हते ते इथे साधले आहे. त्या रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका मुलगेच करीत, म्हणजे व्हायोला हा मुलीचे सोंग घेतलेला मुलगा असून ती मुलगी पुन्हा मुलाचे सोंग घेते. ज्यांच्या घरात बालगंधर्वांच्या आठवणी सांगितल्या गेल्या आहेत, त्यांना यातली गंमत समजावून द्यावी लागत नाही. पुढे 'ऑल्स वेल दॅट एंड्स वेल'मध्ये अंगठी कडवट होते: नवरा अट घालतो की माझ्या बोटातली अंगठी मिळवून दाखवशील तरच तुला बायको मानीन. आणि अखेरच्या काळातल्या 'सिंबेलीन'मध्ये तीच अंगठी पैजेवर लागते. शाकुंतलातली अंगठी आपल्या रक्तातच आहे. हरवली की स्मृती जाते, सापडली की परत येते. शेक्सपिअरची अंगठी हरवत नाही, ती चुकीच्या हाती जाते. हा फरक मला पाच नाटके ओळीने वाचल्यावर दिसला. निव्वळ गाजलेली वाचली असती तर 'टू जंटलमेन' कधीच हाती आले नसते आणि व्हायोलाच्या त्या प्रवेशामागे किती वर्षांची घोटाई आहे, याचा पत्ताही लागला नसता.

म्हणून दिवाळीपर्यंत सुखान्त नाटके लिहिल्या गेलेल्या क्रमाच्या अंदाजाने घ्या. असा अंदाज कोणत्याही सटीप आवृत्तीच्या प्रस्तावनेत मिळतो. वाचून झालेली सहा पुन्हा वाचायची सक्ती नाही, 'टेम्पेस्ट' मात्र सर्वांत शेवटी पुन्हा वाचा. 'टेमिंग ऑफ द श्रू' आले की त्याच्यासोबत वासुदेव बाळकृष्ण केळकरांची 'त्राटिका' मिळाली तर पाहा. बायकोला उपाशी ठेवून वठणीवर आणण्याचा तो प्रकार आपल्याला रुचणार नाही. मलाही रुचत नाही, आणि मोठ्या लेखकाचे आहे म्हणून तो रुचवून घेण्याचे कारण नाही.

मराठीतून वाचणे ही लबाडी आहे, हे मला मुळीच मान्य नाही. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी 'ऑथेल्लो' मराठीत आणले ते १८६७ साली. आगरकरांचे 'विकारविलसित' म्हणजे 'हॅम्लेट', ते १८८३ चे. देवलांनी 'ऑथेल्लो'चाच 'झुंजारराव' केला आणि डेस्डिमोनाची कमळजा झाली. आपल्या पणज्यांनी हॅम्लेट पाहिला तो गणपतराव जोश्यांच्या रूपात, आणि त्यांना कुणी लबाड म्हटले नाही. जाऊबाईंचे म्हणणे अर्धे खरे आहे, एवढेच: मराठीतून वाचावे, पण मोकळे होण्यासाठी नव्हे. जिथे चांगले मराठी रूप आहे तिथे ते आधी वाचून कथेचा धागा हातात घ्यावा आणि मग वडिलांच्या खंडातले इंग्रजी उघडावे. 'मॅकबेथ'साठी शिरवाडकरांचा 'राजमुकुट' आहे, 'टेम्पेस्ट'साठी पाडगावकरांचे 'वादळ' आहे, 'लिअर'साठी विंदा करंदीकरांचा 'राजा लिअर' आहे. आपण हिंदीच्या मुलखात राहतो, याचाही फायदा घ्यावा. हरिवंशराय बच्चनांनी 'मॅकबेथ' आणि 'ऑथेल्लो' हिंदी पद्यात आणली आहेत, आणि एकच स्वगत तीन भाषांतून वाचण्याची चैन पुण्या-मुंबईच्या वाचकांपेक्षा आपल्याला अधिक सहज करता येते.

'लिअर'च्या बाबतीत मात्र एक सावधगिरी. आपण 'नटसम्राट' पाहिले असणारच, आणि अप्पासाहेब बेलवलकर आपल्यासोबत लिअरच्या दरबारातही शिरतील. त्यांना हाकलू नका, पण दोघांमधला फरक पाहत जा. अप्पांना एक मुलगा आणि एक मुलगी. लिअरला तीन मुली, आणि त्यांतल्या धाकटीने खरे बोलल्याबद्दल तिला त्याने स्वतःच घालवून दिलेले. सर्वांत मोठा फरक असा की अप्पांच्या शेजारी कावेरी आहे, ज्यांना ते 'सरकार' म्हणतात. लिअरच्या शेजारी कुणीच नाही. मुलींची आई नाटकात जवळजवळ उल्लेखापुरतीसुद्धा येत नाही. वर्षभर वाचत गेलात की ध्यानात येईल, 'टेम्पेस्ट'मधल्या मिरांडाला आई नाही, पोर्शियाला नाही, शायलॉकच्या जेसिकाला नाही, 'अ‍ॅज यू लाइक इट'मधल्या रोझालिंडला नाही. शिरवाडकरांनी मराठी घरात ती उणीव ठेवली नाही. आणि शेवटच्या प्रवेशात दोन ओळींपाशी थांबा. मेलेल्या मुलीला कवटाळून लिअर 'नेव्हर' हा एकच शब्द पाच वेळा उच्चारतो; त्या ओळीत दुसरा शब्दच नाही. लगेच पुढे तो जवळच्या माणसाला म्हणतो, हे बटण जरा सोडवा, आणि त्याचे आभार मानतो. पहिल्या अंकात ज्याने नकाशावर बोट ठेवून राज्य वाटले, त्याला आता स्वतःचे बटण निघत नाही. महिना द्या म्हटले ते यासाठी.

राजांची नाटके दिवाळी ते संक्रांत. त्यांतली आठ एकमेकांना जोडलेली आहेत. ती राज्यारोहणाच्या क्रमाने वाचा: 'रिचर्ड दुसरा', 'हेन्री चौथा'चे दोन भाग, 'हेन्री पाचवा', 'हेन्री सहावा'चे तीन भाग आणि 'रिचर्ड तिसरा'. लेखकाने त्यांतला उत्तरार्ध आधी लिहिला, पण ते इथे विसरून जावे. एवढे हेन्री आणि एडवर्ड लक्षात कसे राहणार, ही भीती इंदूरच्या माणसाने बाळगू नये. आपण होळकरांचे तीन तुकोजीराव आणि दोन यशवंतराव न गोंधळता सांभाळतो. वंशावळीचा एक कागद करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. 'हेन्री चौथा' सावकाश वाचा, आणि 'हेन्री पाचवा'मध्ये फॉल्स्टाफच्या मरणाची हकीकत खानावळवाली सांगते, त्याचे पाय दगडासारखे गार पडल्याचे तिने केलेले वर्णन वाचाल तेव्हा टोपलीतला तो माणूस आठवेल. 'हेन्री सहावा'चा पहिला भाग पळवला तरी चालेल. संक्रांतीनंतर शोकान्त नाटके आणि मग अखेरची. नाटकांखेरीज त्याची सुनीते १५४ आहेत. आठवड्याला तीन घेतलीत की वर्षात आपोआप संपतात.

वडिलांचा खंड देव्हाऱ्यासारखा जपा, पण त्यावर डोळे फोडू नका. जुन्या खंडांतली दोन स्तंभांतली बारीक अक्षरे आपल्या वयाला सोसणारी नसतात. ज्या पानावर अवघड शब्द त्याच पानावर टीप, अशा सुट्या आवृत्त्या घ्या. वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयाने सगळ्या नाटकांची संहिता जालावर विनामूल्य ठेवली आहे, तिथे अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. पहिल्या वाचनात टिपा पाहूच नका. प्रवेश संपवा आणि मग मागे या.

आणि मोठ्याने वाचा, तेही दोघींनी. जाऊबाई मराठी भाषांतरे सुचवतात, त्या अर्थी त्यांना या गोष्टीत रस आहे. दुपारचा चहा झाला की तासभर त्यांना बसवा, भूमिका वाटून घ्या आणि उच्चार चुकले तरी थांबू नका. नाटकाचे वाक्य कुणाला तरी उद्देशून असते. समोर ऐकणारे माणूस बसले की अर्धे अर्थ विचारावे लागत नाहीत. यजमानांना पलीकडच्या खोलीत रामरक्षा म्हणू द्या. 'मॅकबेथ'मध्ये खुनानंतर दारावर ठोठावण्याचा आवाज येतो, तेव्हा तेवढ्यापुरते त्यांना हाक मारून दार वाजवायला सांगा.

सुरुवात या आठवड्यात 'लव्हज लेबर्स लॉस्ट'पासूनच करा, पण मधले सगळे वगळून फक्त शेवटचा प्रवेश वाचा, तोही उत्तरार्धापासून, जिथे ऐन थट्टामस्करीत राजकन्येच्या वडिलांच्या निधनाची वार्ता येते. सगळे गप्प होतात. लग्ने होत नाहीत. स्त्रिया आपापल्या प्रियकराला वर्षभर थांबायला सांगतात. वाचाळ बेरोनला तर वर्षभर रुग्णालयात जाऊन आजाऱ्यांना हसवण्याची शिक्षा मिळते. राजा त्याची समजूत घालतो की एक वर्ष आणि एक दिवस, मग सगळे मार्गी लागेल, आणि बेरोन उत्तर देतो की नाटकासाठी एवढा अवधी फार होतो. ते वाक्य जाऊबाईंना द्या.